शिसवी खुर्ची आणि आंब्याचं खोकं

एकदा एक व्यापारी होता. ही गोष्ट शब्दशः खरी आहे, हे मी पेटत्या समईवर हात धरून सांगतो. त्या व्यापाऱ्याला मी याच डोळ्यांनी पाहिलं आहे. आता तो होऊन गेला त्याला तीनशे वर्षं झाली आणि मला गेल्या श्रावणात चौपन्नावं लागलं, एवढी एक अडचण आहे खरी. पण ती माझ्या वयाची अडचण आहे, गोष्टीची नव्हे.

तर त्या व्यापाऱ्याला नातू झाला. सहा महिने भरल्यावर बाळाचं उष्टावण झालं. रीतीप्रमाणे मामाने त्याला मांडीवर घेऊन सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली. मामा म्हणजे सुनेचा भाऊ, व्याह्यांच्या घरचा. इथेच व्यापाऱ्याच्या काळजात पहिली कळ आली. "घर आमचं, खीर आमची, आणि पहिला घास त्यांच्या हातचा," असं तो मनातल्या मनात म्हणाला, आणि शेजारी बसलेल्या चौघांना ते स्पष्ट ऐकू आलं.

दुसऱ्याच आठवड्यात त्याने नातवाला जेवायला बसवण्यासाठी शिसवी लाकडाची खुर्ची करवून घेतली. ती इतकी उंच होती, की भरवणारीला शिडी लावावी लागे. हातांवर पितळी सिंह, बैठकीला रेशमी गादी. बाळ त्या गादीवरून सारखं पुढे घसरे. सिंहांचे कान घट्ट धरून बसे आणि मऊ भाताचा घास समोर आला की मान फिरवी. दोन घासांत जेवण संपे, रडणं तेवढं उरे.

तेच बाळ आजोळी गेलं, की मुगाची खिचडी खाऊन वर वाटी चाटी. आजोळ नदीपलीकडे, व्याही आमराई राखणारा साधा माणूस. त्याच्याकडे खुर्ची कुठली? आंब्याच्या एका जुन्या खोक्याची त्याने बैठक केली होती.

वैद्याने बाळाचे दंड चाचपले आणि सांगितलं, "पोर वाळत चाललं आहे. जिथे खातं, तिथे ठेवा." सुनेने कपड्यांची घडी घालायला घेतली. म्हणजे आता नातू नदीपलीकडे वाढणार, पहिलं पाऊल तिथे टाकणार, आणि 'आबा' म्हणून हाक मारणार ती व्याह्याला.

"व्याही त्याला काहीतरी चारतो," व्यापारी बायकोला म्हणाला. "नाहीतर खोक्यात बसून कोण एवढं खातं? चेटूक असणार."

"चेटूक कसलं, ते तूप सढळ घालत असतील," बायको म्हणाली. हे त्याला चेटकाहून अधिक झोंबलं.

सून दाराशी आली. "मामंजी, एक सांगू का?"

"नंतर सांग. आधी मला याहून हातभर उंच खुर्ची करवून आणू दे."

गावाबाहेर एक वृद्ध आचार्य आपल्या एका शिष्यासह राहत. पूर्वायुष्यात ते सुतारकाम करीत, त्यामुळे लाकडाचं आणि माणसाचं त्यांना सारखंच कळे. व्यापाऱ्याने त्यांना सगळी हकिकत ऐकवली. "महाराज, अशी खुर्ची सांगा, की नातू पुन्हा त्या खोक्याचं नाव घेणार नाही."

आचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवूनच जाल ना?"

मग त्यांनी जे केलं ते शिष्याला मुळीच उमगलं नाही. कोपऱ्यात धान्याची पुरुषभर उंच कोठी होती. आचार्यांनी व्यापाऱ्याला तिच्यावर चढवून काठाशी बसवलं आणि पिठलं-भाकरीचं ताट त्याच्या मांडीवर दिलं. स्वतः मात्र ते खाली पाटावर बसले, भिंतीकडे तोंड करून, ताट अंगाआड घेऊन.

व्यापाऱ्याने भाकरी तोडायला दोन्ही हात पुढे केले, तसा तो घसरू लागला. एका हाताने काठ धरला, तर एका हाताने भाकरी तुटेना. पाय लोंबत होते. हळूहळू त्यांना मुंग्या आल्या. त्यातच आचार्यांच्या ताटात काही वेगळं आहे की काय, हे पाहण्यासाठी तो वाकवाकून डोकावू लागला. चुलीवर चढवलेला भात शिजून खाली उतरला, तरी त्याचा तिसरा घास पोटात गेला नव्हता.

"भूक नाही का शेटजी?"

"भूक आहे हो. घास उतरत नाही."

आचार्यांनी शिष्याकडून एक उंच तिवई कोठीला टेकवून व्यापाऱ्याच्या पायांखाली ठेववली. तळवे टेकले, पाठ सरळ झाली, हात मोकळे झाले. व्यापाऱ्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. मग आचार्यांनी आपलं ताट त्याला दाखवलं. त्यातही पिठलंच होतं.

ते म्हणाले, "ज्याचे पाय अधांतरी, त्याचं सगळं लक्ष न पडण्याकडे. तो जेवेल कधी? तुमच्या नातवाला सिंह नकोत, रेशीम नको. पायांखाली फळी हवी, आणि घसरणार नाही अशी बैठक हवी. आणि शेटजी, दुसऱ्याच्या ताटात डोकावायचं, तर माणसाला उंच चढून बसावं लागतं. तिथे पहिल्यांदा सुटते ती पायांखालची जमीन. नातू दोन महिने उपाशी आहे. तुम्ही किती दिवस आहात?"

व्यापारी कोठीवरून खाली उतरला. म्हणाला, "फळी कितीवर ठोकायची?"

"ते माप व्याह्यांच्या खोक्यात आहे. मागून आणा."

उंच खुर्चीपेक्षा हे अवघड होतं. तरी तो नदी ओलांडून गेला. खोक्यात बाळाचे पाय टेकतील अशी, गोणपाट गुंडाळलेली एक वीट खरोखरच होती.

"काय शेटजी, खोकं न्यायला आलात?" व्याही हसला.

"माप न्यायला आलो. आणि तुम्हालाही. फळी तुम्हीच ठोका."

त्याच संध्याकाळी शिसवी खुर्चीचे पाय कापले गेले, गादी निघाली, फळी लागली. बाळाने दोन्ही तळवे फळीवर टेकले, एकदा धपकन आपटून पाहिले, आणि तोंड उघडलं.

तिकडे शिष्य गुरूंना विचारत होता, "एवढा खटाटोप कशाला? सरळ सांगितलं असतं तर?"

"सरळ त्याला घरात कुणीतरी सांगितलंच असेल, बाळ," आचार्य म्हणाले.

आता कबुली. शिडी मी घातली. खुर्ची चार फुटी होती. नदीही मीच आणली. मध्ये दोन बसथांबे आहेत. आणि आचार्य नावाचं कुणी नव्हतंच. 'मामंजी, त्याचे पाय टेकत नाहीत' एवढंच वाक्य होतं. ते आमच्या सुनेने ताक घुसळता घुसळता तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा कुठे माझ्या कानात शिरलं. सुनेकडून शहाणपण आलं हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून तिच्या वाक्याला दाढी लावली.

व्यापारी मात्र खरा आहे. व्याह्यांच्या घरी तूप किती घालतात, ते तो अजून वाकून बघतो. फक्त हल्ली पाय टेकवून बघतो.