एकही प्रश्न न आलेलं प्रकरण

'शिदोरी' हे सर्वांसाठी खुलं असलेलं डेटाबेस सॉफ्टवेअर. त्याच्या माहितीपुस्तिकेची डागडुजी निवृत्त प्राध्यापक अच्युतराव रेगे करत. स्वल्पविराम हलवायचा तरी त्यांना धाकधूक वाटे. पुस्तिकेतलं 'बिघाडानंतर डेटा परत मिळवणे' हे प्रकरण त्यांच्या सहकारी मालती दाभाडे यांनी लिहिलं होतं. त्या दिवाळीआधी गेल्या.

ऑनलाइन बैठकीत प्रमुख सबनीसांनी तेच प्रकरण उडवायला काढलं. "इतक्या वर्षांत यावर वाचकांचा एक प्रश्न नाही. माझं 'सुरुवात' प्रकरण बघा, रोज प्रश्नच प्रश्न. याला म्हणतात वाचलं जाणं. रेगे सर, भावना बाजूला ठेवून काही मुद्दा असेल तर बोला."

आपलंच चुकत असेल, असं रेग्यांना नेहमीप्रमाणे वाटलं. तरी ते म्हणाले, "समजलं की माणूस विचारायला येत नाही, सर. पण प्रश्नच हवे असतील तर अवघड नाही. मालतीताईंचं प्रकरण मी तुमच्यासारखं लिहून देतो."

आधी एक जण हसला, मग सगळेच. सबनीस चष्मा पुसत म्हणाले, "राहू द्या. आहे तसंच राहू द्या."

रेग्यांना हसू आलं नाही. दवाखान्यात मालतीताईंनी विचारलं होतं, "माझ्या प्रकरणावर कुणी काही विचारतं का हो?" रेग्यांनी खरं तेच सांगितलं होतं, "नाही." त्या "बरं" म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. आज सबनीसांना दिलेलं उत्तर त्या दिवशी मालतीताईंना द्यायला हवं होतं.