आतली खुर्ची

"म्हणजे पानं उलटायला मी बारा वर्षं शिकले का, सर?"

शाल्मलीने चपला काढण्याआधीच विचारलं. व्हायोलिनच्या पेटीत राजीनामा होता. मुंबईच्या ऑर्केस्ट्रात लागून तिला जेमतेम आठ महिने झाले होते. नोकरी सोडायचं पक्कं होतं, पण व्हायोलिन शिकवणाऱ्या कायतान सरांना विचारल्याशिवाय तिने आजवर साधी तारही बदलली नव्हती. म्हणून थेट मडगाव गाठलं.

सरांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं बोलू दिलं.

ऑर्केस्ट्रात दोन वादकांत स्वरलिपीचा एक स्टँड. प्रेक्षकांच्या बाजूचा वाजवत राहतो. आतल्या खुर्चीवरचा मध्येच थांबून पान उलटतो. शाल्मलीला आतली खुर्ची मिळाली होती. बाहेरच्या खुर्चीवर तेहमुरास नावाचे साठीचे गृहस्थ, बोटं आखडलेली. त्यांच्यापेक्षा आपण सरस वाजवतो, हे तिने तीनदा सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

"दर पानाला माझे चार-पाच सूर जातात, सर. माझे."

"हं… पान संपत आलं की तेहमुरास तुझ्याकडे बघतात?"

हा काय प्रश्न? तिने आठवून पाहिलं.

"नाही… कधीच नाही."

चाळीस वर्षं ऑर्केस्ट्रात काढलेल्या सरांना याची मोठी गंमत वाटलेली दिसली. ते उठले, कपाटातून हाताने लिहिलेली स्वरलिपी काढून स्टँडवर ठेवली आणि तिला बाहेरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. स्वतः आपलं व्हायोलिन घेऊन आत बसले.

शाल्मली मनातून सुखावली. सरांना पटलं म्हणायचं.

रचना तिने कधी पाहिलेली नव्हती, पण गोड होती. पुढे काय येतंय याची उत्सुकता वाटावी अशी. पहिलं पान संपता संपता सरांचा तारांवरचा बो थांबला, पान उलटलं, ती वाजवत राहिली. दुसरं पानही तसंच गेलं. कधी उलटलं ते तिला कळलंही नाही.

तिसरं पान संपत आलं.

शेवटची ओळ… शेवटचे चार सूर…

तिने तिरक्या नजरेने पाहिलं. सर डोळे मिटून वाजवत होते. पान जागचं हललं नाही.

तिचा बो हवेत राहिला.

सर थांबले नाहीत. पुढचं सगळं त्यांना पाठ होतं. ते एकटेच शेवटपर्यंत वाजवत गेले, आणि इतकं सुंदर वाजवलं की शाल्मलीला रागावताही येईना. शेजारी बसून ती नुसती ऐकत राहिली. अशी अवघडलेली ती आयुष्यात कधी बसली नव्हती.

सरांनी व्हायोलिन मांडीवर घेतलं.

"सर… पान?"

"माझा एकही सूर गेला नाही, पोरी."