राई दत्तक घेणारा म्हातारा

एकदा एका डोंगरगावात एक ज्ञानी वृद्ध राहत असत. सारा गाव त्यांना आबा म्हणे. बायको मागेच गेलेली, पोटी मूल नाही. घरामागे पिढीजात राई होती. बेहडे, जांभळी, दोन माणसांच्या कवेत न मावणारे आंबे, आणि त्यांच्या मुळांतून निघणारा झरा. गावाचे पाणी तेच.

आबांजवळ एक शिष्य होता. तरुणपण ओलांडलेला, सेवेत कधी न चुकलेला. आपली स्वतःची पाठशाळा असावी, हे त्याचे एकच स्वप्न. आणि हे स्वप्न लाकडाच्या एका व्यापाऱ्याने बरोबर हेरले होते. एके दिवशी त्याने शिष्याला गाठले. "आबांच्या मागं सगळं तुझंच आहे. तेवढी राई मला तोडू दे, तुला पक्की पाठशाळा बांधून देतो." शिष्याने होकारार्थी मान हलवली. मान हलवायला असा कितीसा वेळ लागतो?

त्या वर्षी आबांची प्रकृती ढासळली आणि त्यांनी दवंडी पिटवली, "मी दत्तक घेतोय. सर्वांनी यावे." शिष्याला आनंद लपवता येईना. त्याने नवे धोतर नेसले, दाढी केली आणि तो पुढच्या रांगेत जाऊन बसला.

होम पेटला. आबा पाटावर बसले. त्यांनी राईतली मूठभर माती उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि म्हणाले, "ही माझी लेक."

भटजींच्या हातातली पळी तशीच राहिली. "आबा, दत्तक द्यायला आईबाप लागतात हो. हिचे आईबाप कोण?"

"हा डोंगर हिचा बाप. त्याला विचारा. नाही म्हणाला तर थांबू."

लोक खो खो हसले. मग आबांनी मातीला साखर लावली, आपले आडनाव दिले आणि पंचांसमोर सांगितले, "घर, जमीन, झरा, सगळं हिचं. ही अज्ञान आहे, वयात न आलेली. हिचा पालक हा," आणि शिष्याकडे बोट दाखवले. "याच्यानंतर गाव निवडेल तो."

शिष्याचा चेहरा पडला. इतक्या वर्षांच्या सेवेचे फळ झाडांना! लोक साखर खात घरी गेले आणि तो रागारागाने आबांसमोर उभा राहिला. "आबा, मला द्यायचं नव्हतं तर नसतं दिलंत. पण हा तमाशा कशाला?"

आबा म्हणाले, "बस. तुला दिली असती तर तू कदाचित जपलीही असतीस. पण उद्या तुझ्या मुलाच्या घराला वासे लागले की तो म्हणेल, आपलंच तर आहे. गावाला दिली असती तर सगळ्यांचं आहे म्हणून प्रत्येकानं एकेक फांदी नेली असती. देवाला दिली असती तर पुजाऱ्यानं कौल लावून देवाची परवानगी काढली असती. पण अज्ञान लेकराच्या वाट्याला आपल्याकडं कोणी हात लावत नाही. पोरक्या पुतण्याचं शेत विकणाऱ्या चुलत्याला गाव पंगतीला बसवतं का? आता मला सांग, ही राई सज्ञान कधी होणार?"

शिष्य विचार करू लागला. मग हळूच म्हणाला, "कधीच नाही."

"मग ही विकणार कोण?"

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. "आबा, मी व्यापाऱ्याला होकार दिला होता."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर तुला पालक केलं. तुला मोह झालाय, तेव्हा तो कुठल्या वाटेनं येतो हे तुला कळेल."

पुढच्या चैत्रात आबा गेले. तेराव्याचे जेवण आटोपते न आटोपते तोच व्यापारी गाड्या आणि लाकूडतोडे घेऊन हजर झाला. शिष्य वाटेत आडवा उभा राहिला.

"तू शब्द दिला होतास," व्यापारी ओरडला.

"माझ्या वाट्याचा दिला होता, शेठ. माझा वाटाच नाही. हे सगळं आबांच्या लेकीचं आहे, आणि ती अज्ञान आहे."

"झाडं कुठं कुणाची लेक असतात? चला रे, घाला घाव!"

लाकूडतोडे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांच्यातल्या थोराड माणसाने कुऱ्हाड खाली ठेवली. "शेठ, दत्तकाची साखर आमच्या सोयऱ्यांनीबी खाल्लीया. बापाला जाऊन पंधरवडा नाही झाला, आन् पोरीचं घर लुटायचं? आम्हालाबी लेकरं हायेत." एकामागून एक कुऱ्हाडी जमिनीवर पडल्या. बाया घरांतून धावत आल्या, पोरांनी आरोळ्या ठोकल्या, कुणीतरी ढोल बाहेर काढला. गाड्या रिकाम्या परतल्या आणि गावाने त्यांना वाजतगाजत वेशीपर्यंत पोहोचवले!

शिष्य मात्र मागेच थांबला. झऱ्याचे पाणी त्याने डोळ्यांना लावले आणि तो अनवाणी राईत शिरला, बापाविना पोरक्या झालेल्या लेकराची विचारपूस करावी तसा.

आपल्यामागे जे जगावे असे मनापासून वाटते, त्याला मालक शोधू नये, पालक शोधावा.