ठकूबाईचा एक श्वास

काही माणसं सांगायचं सोडून बोलत बसतात आणि तेवढ्यात पाणी येऊन ठेपतं. कोण ते विचारू नका, ज्याचं त्याला ठाऊक आहे.

फार मागे, कड्यावरच्या शेवरे गावातही अशी माणसं होती. कड्याखाली नदी. उन्हाळ्यात ती आटली, की निम्मं गाव वाळूत कलिंगडं लावायचं आणि तिथेच खोपट्यांत राहायचं. ठकूबाईची लेक सगुणा तान्ह्या बाळासह तिथेच होती.

ठकूबाईला दमा. एका श्वासात दोन शब्द, फार तर तीन. म्हणून ती प्रत्येक शब्द निवडून बोलायची.

"मावशे, बोलायला जकात पडते का गं?" पोरी चिडवायच्या.

"पडते," एवढंच म्हणून ती हसायची.

एका दुपारी खेकड्यांनी पोखरलेला वरच्या तळ्याचा बांध फुटला. दवंडीवाला हैबती धावत कड्याच्या टोकावर आला. पण रिवाज असा, की आधी पाटलांच्या सात पिढ्यांची नावं, मग निरोप. घाबरलेल्या हैबतीने तोच धरला. हलगी वाजवून तो ओरडू लागला, "ऐका हो ऐका! थोर मानकरी मल्हारराव, त्यांचे चिरंजीव..." शब्द समोरच्या डोंगरावर आपटून परत येत आणि एकमेकांत गुंतत. खाली माणसं हात जोडून ऐकत उभी राहिली.

तिसरी पिढी चालू असताना हैबतीशेजारी उभ्या ठकूबाईला नदीच्या वळणावर पाण्याचा गढूळ लोट दिसला. तिने हलगीवर हात दाबला. "गप!"

ओठांवर लेकीचं नाव आलं होतं. पण ते घेतलं तर एकटी सगुणाच धावेल. तिने नाव गिळलं, होता नव्हता तो श्वास छातीत भरला आणि हाळी दिली, "वर चढा!"

असं म्हणतात, की डोंगराला ते दोन शब्द ऐकताक्षणी पाठ झाले. शेवटचं माणूस वर येईपर्यंत तो म्हणत राहिला, वर चढा, वर चढा. सगुणा बाळाला पाठीशी बांधून आली. वाहून गेली ती फक्त कलिंगडं. असंही म्हणतात, की त्या दिवसापासून ठकूबाईला कधी धाप लागली नाही, तरी ती दोन शब्दांतच बोलत राहिली.

शेवऱ्याच्या ग्रामसभेत आजही, तिने हाळी दिली त्या ठकूबाईच्या दगडावर उभं राहून एका श्वासात मावेल तेवढंच बोलतात. श्वास सरला, की कुणीतरी हलगीवर थाप देतं. उन्हाळ्यातलं पहिलं कलिंगडही त्याच दगडापाशी कापतात.

गेल्या वर्षी तिथे एक पाहुणे उभे राहिले. "सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, तसेच..."

कलिंगड कापणाऱ्या बाईने मान वर केली. "पाव्हणं, एवढ्या वेळात अख्खी वाळू रिकामी झाली होती."