एकोणीस साड्यांचं पातेलं

"पण आता ती साडी तुमची कशी, बुवा?" बाजारात कपडे मांडून बसलेल्या गजराबाईनं विचारलं.

केळशीकरबुवांना राग आला. इतकी साधी गोष्ट या बाईला कळू नये?

गजराबाई बोहारीण. दारोदार फिरून जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलची भांडी द्यायची आणि रविवारी ते कपडे सोलापूरच्या जुन्या बाजारात मांडायचे, हा तिचा चाळीस वर्षांचा धंदा. बुवांची बायको सुमती चैत्रात गेली. महिन्याभरानं बुवांनी तिच्या एकोणीसच्या एकोणीस साड्या गजराबाईच्या गाठोड्यात घातल्या होत्या.

त्या दिवशी गजराबाईनं भांड्यांचं टोपलं पुढं सरकवलं, तर बुवांनी हात जोडले. बायकोच्या साड्यांवर भांडी घेणारा माणूस मी नव्हे, म्हणाले. मोकळ्या हातानं नेत न्हाई मी, असं ती दोनदा म्हणाली. बुवा ऐकतील तर शपथ. बारा वर्षं देवळात त्यागावर प्रवचनं करणारा माणूस तो. पुढच्याच गुरुवारी त्यांनी हा प्रसंग नाव न घेता प्रवचनात सांगितला, आणि बायकांनी डोळे पुसले.

आणि काल मंडईत त्यांना सुमतीची हळदी रंगाची इरकल दिसली. नेसणारी कुणी भलतीच बाई, मेथीच्या जुड्या निवडत होती. बुवा तिच्या मागोमाग रिक्षा स्टॉपपर्यंत गेले. तिनं वळून, काय पाहिजे, असं चारचौघांत विचारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ती बाई तुमच्याकडचंच गिऱ्हाईक असणार," बुवा म्हणाले. "तेवढी एक परत मिळवून द्या. मागाल ते देतो. मला दुसरं काही सुचत नाही हो..."

गजराबाई फाटक्या परकराला टीप घालत होती, ती तिनं पुरी केली. मग टोपल्यात हात घालून एक चमचा काढला आणि बुवांपुढं धरला.

"हे काय?"

"एकोणीस साड्यांचं."

"चमचा?"

"मग? जुन्याच तर व्हत्या."

बुवांचं डोकं सणकलं. जुन्या? त्यात दोन रेशमी होत्या. एक तिच्या आईनं डोहाळजेवणाला घेतलेली, ती तिनं चार वेळासुद्धा नेसली नसेल.

गजराबाईनं चमचा ठेवला, वाटी काढली.

वाटीवर भागतंय होय? बुवा बाजाराच्या मधोमध मांडी घालून बसले. हिरवी नारायणपेठ सांगितली, माझ्या पहिल्या पगाराची. जांभळीवर मुलानं शाई सांडली तेव्हा निऱ्यांत डाग लपवून ती लग्नाला गेली होती, तेही सांगितलं. शेजारचे दुकानदार ऐकू लागले. गजराबाई मान हलवत होती आणि भाव वाढवत होती. वाटीचा डबा झाला, डब्याचा तांब्या. बुवा सोडायला तयार नव्हते. मग इरकलीपाशी आले.

"ही... ही ती दवाखान्यात नेसून गेली होती. मला म्हणाली, घरी येतानाही हीच नेसेन..."

बुवा रडले. बायको गेल्यापासून पहिल्यांदा रडले, तेही भर बाजारात, जुन्या पँटींच्या ढिगाला टेकून.

गजराबाईनं त्यांना रडू दिलं. मग टोपल्याच्या तळातून झाकणाचं मोठं पातेलं काढलं आणि पदरानं पुसलं.

"पटलं का?"

बुवांनी मान डोलावली. दोन्ही हातांनी पातेलं घेतलं. बऱ्याच वेळानं उठले, चार पावलं गेले आणि थांबले.

"आणि ती इरकल?"

गजराबाईनं पुढचा परकर मांडीवर ओढला.

"आत्ता दिली न्हवं का तुमी."