चिचुंद्रीच्या घरात पाणी

कोणी ऐकलं नाही. कोणी खरं मानलं नाही.

चिचुंद्री ओरडली, "पाणी आलं! माझ्या घरात पाणी आलं!"

सगळे म्हणाले, "पाऊस नाही. ढग नाही. पाणी कुठून येईल? चिचुंद्री खोटारडी!"

आणि सगळ्यांनी नाकं मुरडली. चिचुंद्रीच्या अंगाला वास येतो ना! आता अंगाला वास येतो, म्हणून काय बोलणंही खोटं? पण नाही. कोणी ऐकलं नाही.

काय झालं होतं, सांगते.

उंच उंच डोंगरावर एक घर होतं. तिथे थंडीत बर्फ पडायचा. भुरुभुरु, भुरुभुरु. घरापुढे अंगण. अंगणात एक झुडूप. बुटकं, गोल, दाट. पानं सुईसारखी. नाव त्याचं जुनिपर. ऊन असो, बर्फ असो, ते आपलं हिरवंच हिरवं.

जुनिपरच्या खाली चिचुंद्रीचं घर. घरात वाळक्या गवताची गादी. गादीवर तीन पिल्लं. थोरली, मधली, धाकटी.

एक दिवस काय झालं? धबाक! वरून पाणी आलं. गुळगुळ, गुळगुळ. घरात शिरलं. गवताची गादी गेली वाहून!

दुसऱ्या दिवशी? धबाक!

तिसऱ्या दिवशी? धबाक!

मग रोजच धबाक! पिल्लं भिजली. आक्‌छी! आक्‌छी! आक्‌छी! जुनिपरची एक बाजू तांबडी पडली. सुया गळाल्या. छपराला भोक पडलं.

आणि दूरच्या शिखरावर पांढरे ढग जमायला लागले. आता बर्फ येणार. ओल्या घरात बर्फ आला, तर पिल्लं गारठून जातील.

चिचुंद्री म्हणाली, "चला गं पोरींनो! धरा शेपटी!"

आईची शेपटी थोरलीनं धरली. थोरलीची शेपटी मधलीनं धरली. मधलीची शेपटी धाकटीनं धरली. हातात नाही हं, तोंडात! चिचुंद्रीची पोरं अशीच चालतात. निघाली त्यांची आगगाडी. लुटुलुटु, लुटुलुटु.

आधी गेली जुनिपरकडे.

"जुनिपरदादा, जुनिपरदादा!
पाणी आलं घरात,
गादी गेली वाहून.
तू छप्पर धर ना!"

जुनिपर कण्हला. "मी कसा धरू? माझेच पाय चिखलात. माती सुकेल, तर मी छप्पर धरीन."

धाकटीनं तोंड उघडलं. "आई, भूक!"

सुटली शेपटी! तुटली गाडी!

"तोंड मिट! शेपटी धर!"

लुटुलुटु, लुटुलुटु. गेली मातीकडे.

"मातीबाई, मातीबाई!
पाणी आलं घरात,
गादी गेली वाहून.
जुनिपर छप्पर धरेना.
तू सुक ना!"

माती म्हणाली, "पचक! मी कशी सुकू? पाण्याला जायला वाटच नाही. कुदळ चर खणेल, तर मी सुकेन."

"आई, भूक!"

"तोंड मिट! शेपटी धर!"

लुटुलुटु, लुटुलुटु. गेली कुदळीकडे. कुदळ भिंतीला टेकून उभी. अंगावर गंज.

"कुदळताई, कुदळताई!
पाणी आलं घरात,
गादी गेली वाहून.
जुनिपर छप्पर धरेना,
माती काही सुकेना.
तू चर खण ना!"

कुदळ म्हणाली, "मी काय आपली आपण उड्या मारू? नेगीकाका मला धरतील, तर मी चर खणीन."

"आई, भूक!"

"तोंड मिट! शेपटी धर!"

लुटुलुटु, लुटुलुटु. गेली नेगीकाकांकडे. नेगीकाका म्हणजे बागेचे माळी. उन्हात बसले होते. चहा पीत होते. फुर्र, फुर्र.

"नेगीकाका, नेगीकाका!
पाणी आलं घरात,
गादी गेली वाहून.
जुनिपर छप्पर धरेना,
माती काही सुकेना,
कुदळ चर खणेना.
तुम्ही कुदळ धरा ना!"

नेगीकाकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "मला ठाऊक आहे गं. पण मी चाकर माणूस. मालकीणबाई हुकूम देतील, तर मी कुदळ धरीन."

चिचुंद्री म्हणाली, "ठाऊक आहे, आणि गप्प बसता?"

नेगीकाका चहा प्यायले. फुर्र.

"आई, भूक!"

"तोंड मिट! शेपटी धर!"

लुटुलुटु, लुटुलुटु. गेली मथुराकाकूंकडे. मथुराकाकू म्हणजे घराच्या मालकीण. नुकत्याच न्हाऊन आल्या होत्या. हातात भरलेली कळशी.

"मथुराकाकू, मथुराकाकू!
पाणी आलं घरात,
गादी गेली वाहून.
जुनिपर छप्पर धरेना,
माती काही सुकेना,
कुदळ चर खणेना,
नेगीकाका कुदळ धरेनात.
तुम्ही हुकूम द्या ना!"

काकूंनी नाकाला पदर लावला. "शी शी शी! तू होय! तूच माझ्या झुडपाची मुळं कुरतडलीस! म्हणून ते तांबडं पडलं!"

"मी मुळं नाही खात हो काकू. मी किडे खाते."

"दात बघ दात! सुयांसारखे! म्हणे किडे खाते!"

"मुळं कुजली हो. घरात पाणी आलंय."

"पाऊस नाही, ढग नाही. पाणी कुठून येईल? तुझं कोण खरं मानणार? मातीतलं कोणी साक्ष देईल, तर मी हुकूम देईन. जा, पळ!"

चिचुंद्रीचं नाक थरथरलं. डोळ्यांत पाणी आलं. पण रडली नाही ती. रडून काय होणार? बर्फ थांबणार?

"आई, भूक!"

"तोंड मिट! शेपटी धर!"

लुटुलुटु, लुटुलुटु. मातीतलं कोण? मातीतलं गांडूळ! गेली गांडुळाकडे. गांडुळानं डोकं वर काढलं होतं. दम लागला होता त्याला.

"गांडूळदादा, गांडूळदादा!
पाणी आलं घरात,
गादी गेली वाहून.
जुनिपर छप्पर धरेना,
माती काही सुकेना,
कुदळ चर खणेना,
नेगीकाका कुदळ धरेनात,
मथुराकाकू हुकूम देईनात.
तू साक्ष दे ना!"

गांडूळ म्हणालं, "थांब! तिथेच थांब! काल तू माझ्या भावाला खाल्लंस."

"हो. खाल्लं."

"परवा माझ्या काकाला खाल्लंस."

"हो. खाल्लं. भूक लागली होती."

"आणि आता मी तुझी साक्ष देऊ? वा गं वा!"

चिचुंद्रीनं नाक खाली घातलं. ते खरंच बोलत होतं.

गांडूळ म्हणालं, "या झुडपाखालचं एकही गांडूळ खाणार नाहीस, असं वचन दे. तू वचन देशील, तर मी साक्ष देईन."

धाकटीनं तोंड उघडलं. "आई, भूक!"

थोरलीनं तोंड उघडलं. "आई, भूक!"

मधलीनं तोंड उघडलं. "आई, गांडूळ!"

तुटली सगळी गाडी! तिन्ही पिल्लं गांडुळाकडे बघायला लागली. मऊ मऊ. गुळगुळीत. अगदी समोर.

चिचुंद्रीनं वर पाहिलं. दूरचे पांढरे ढग आता जवळ जवळ येत होते. तिनं पिल्लांकडे पाहिलं. ओली ओली. काकडलेली.

तिनं डोळे मिटले.

"दिलं वचन," ती म्हणाली. "या झुडपाखालचं एकही गांडूळ मी खाणार नाही. माझ्या पोरीही खाणार नाहीत."

"मग आम्ही काय खायचं?" मधलीनं विचारलं.

"लाकडांच्या ढिगाखाली काळे किडे आहेत. ते खायचे."

"ते कडू असतात!"

"कडू तर कडू. तोंड मिट. शेपटी धर."

आता पुढे गांडूळ, मागे चिचुंद्री, मागे तीन पिल्लं. वळवळ वळवळ, लुटुलुटु लुटुलुटु. गेले मथुराकाकूंकडे.

"ईऽऽऽ!" काकू ओरडल्या.

गांडूळ म्हणालं, "ईऽऽ नंतर करा. आधी ऐका. चिचुंद्री खरं बोलते. हिनं मुळं कुरतडली नाहीत. मुळं कुजली. खाली तळं झालंय. आम्ही बुडतोय! खोटं वाटतं? हात घालून बघा."

काकूंनी झुडपाखालच्या मातीत बोट घातलं. पुचुक! सगळं बोट आत. हात घातला. पचाक! सगळा हात आत. बाहेर काढून वास घेतला.

"शी! हा कसला घाण वास?"

"कुजक्या मुळांचा," चिचुंद्री म्हणाली. "माझा नाही!"

गांडूळ म्हणालं, "झुडपाभोवती हे गोल आळं केलंय. त्यात रोज सकाळी कळशीभर पाणी पडतं. धबाक! पाणी जाणार कुठं? बसतं तिथंच."

सगळ्यांनी काकूंच्या हाताकडे पाहिलं. हातात काय होतं? कळशी!

"अगंबाई, मग?" काकू म्हणाल्या. "इथल्या थंडीत माझी तुळस जळून गेली. म्हणून तिच्या जागी हे लावलं. छान आळं केलं. रोज न्हाऊन आले की पाणी घातलं. एक दिवस चुकवला नाही! लेकरासारखं जपलं मी याला!"

नेगीकाका पुढे आले. "बाईजी, वर डोंगरात हे खडकात उगवतं. तिथे कोण आळं करतं? कोण कळशी ओततं?"

"मग आधी का नाही बोललात?"

"बोललो होतो. तुम्ही म्हणालात, नेगी, गप बसा."

काकूंनी कळशी खाली ठेवली. ठण्ण! आणि म्हणाल्या, "खणा."

मग काय!

काकूंनी हुकूम दिला.
नेगीकाकांनी कुदळ धरली.
कुदळीनं चर खणला. खण्, खण्, खण्!
आळं फुटलं. पाणी पळालं. खळखळ, खळखळ!
माती सुकली. एक दिवस ऊन. दोन दिवस ऊन. तीन दिवस ऊन.
जुनिपरनं पाय मोकळे केले. हिरव्या फांद्या पसरल्या. छप्पर धरलं!

पण तांबडी फांदी काही हिरवी झाली नाही. जुनिपरचं असंच असतं. फांदी एकदा वाळली, की वाळली. मग कितीही हळहळा. नेगीकाकांनी ती कापून टाकली. कच्! ती बाजू बोडकी राहिली.

चिचुंद्रीनं हिरव्या बाजूला नवी गादी केली. वाळकं गवत आणलं. काडी काडी करून आणलं. पिल्लांना काळे किडे खाऊ घातले.

"थू! कडू!" धाकटी म्हणाली.

"गीळ!" चिचुंद्री म्हणाली.

आणि बर्फ आला. भुरुभुरु, भुरुभुरु. अंगण पांढरं, कुंपण पांढरं, जुनिपरचं डोकं पांढरं. पण खाली? खाली कोरडं! खाली उबदार! तीन पिल्लं गादीवर. थोरली, मधली, धाकटी. एकही शिंक नाही.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. "चिचुंद्रे, तू खरं बोलत होतीस," असं तिला कोणी म्हटलं नाही. काकूंनी नाही. नेगीकाकांनी नाही. कोणी म्हणजे कोणी नाही.

सकाळी शेजारच्या बिष्टबाई कुंपणाशी आल्या. त्यांनी जुनिपर पाहिलं.

"अगंबाई! एवढं सुरेख झुडूप, आणि एक बाजू बोडकी? कोणी केलं हे?"

मथुराकाकू खोकल्या. पदर सावरला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"काय सांगू बिष्टबाई! आमच्या अंगणात ना, एक घाणेरडी चिचुंद्री आहे. तिनं..."

काय? पुन्हा चिचुंद्रीनं?

बर्फातून एक लांब नाक वर आलं. थरथर थरथर. या वेळी ते एकटं नव्हतं. जुनिपरनं डोक्यावरचा बर्फ झटकला. माती जागी झाली. कुदळ भिंतीपाशी खणखणली. नेगीकाकांनी चहाचा पेला खाली ठेवला. जमिनीखालून गांडुळानं कान दिला.

बिष्टबाईंनी पुन्हा विचारलं, "कोणी केलं?"

आणि सगळे एकदम ओरडले, सगळ्यात मोठ्यानं चिचुंद्री ओरडली:

"मथुराकाकूंनी!"