शांतवनचा ताशा

एका गावात एक भोळासांब होता, शांतवन त्याचं नाव. चर्च झाडायचा, घंटा वाजवायचा. सांगितलेलं कधी विसरायचा नाही, हीच तर खरी पंचाईत!

नवे पाळकसाहेब आले नि म्हणाले, "परदेशी थाट पुरे झाला. प्रभूला आपल्या रीतीनं भजू." ईस्टरला त्यांनी शांतवनच्या गळ्यात ताशा अडकवला. "माणसं जमली की वाजवायचा, पेढे वाटायचे."

शांतवन हरखला. ताशा म्हणजे त्याचा जीव की प्राण.

"पण ऐक, बिशपसाहेब बघायला येणारेत. त्यांना पटलं तर ताशा राहील, नाहीतर बंद."

शांतवननं ताशा छातीशी घट्ट धरला. आता एकही रीत चुकवायची नाही, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी सलोमीआजी वारली. माणसं जमली. शांतवननं ताशा बडवला नि आजीच्या लेकाच्या हातावर पेढा ठेवला.

"अरे गाढवा!" पाळकसाहेब ओरडले. "इथं डोळे पुसायचे, 'देवाची मर्जी' म्हणायचं!"

"बरं, साहेब."

रविवारी चर्चमध्ये रूबेनच्या बाळाचं बारसं. शांतवननं पाळण्यात डोकावून डोळे पुसले. बाळंतिणीला म्हणाला, "देवाची मर्जी, बाई."

बाळंतिणीनं भोकाड पसरलं. सासू चप्पल शोधायला लागली.

पाळकसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, नवं माणूस आपल्यात आलं की पाळण्यात घालायचं! आत्यानं कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं, नि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे!"

"आधी सांगायचं की, साहेब."

पाळणा अजून तिथंच टांगलेला होता, तोवर बिशपसाहेब आले. गावात पहिल्यांदाच. म्हातारे, अंगानं किरकोळ. पाळकसाहेब हार घेऊन पुढे होतायत, तोच शांतवननं बिशपसाहेबांना अलगद उचललं, झग्यासकट पाळण्यात घातलं नि कानात म्हणाला, "कुर्रर्र! नाव ठेवलं मोशे!"

 पाळकसाहेब हार तसाच हातात घेऊन पाळण्याकडे धावले.

पाळण्यातून आवाज आला, "पाळक, ही तुमची रीत?"

"आहे, साहेब... पण बाळांची."

बिशपसाहेबांना हसू आवरेना. पाळणा गदगदा हलला. "इतक्या मायेनं मला आजवर कुणी घरात घेतलं नव्हतं हो! राहू द्या तुमच्या रीती. ताशाही राहू द्या. आता मला खाली घ्या."

पण शांतवनचं लक्ष कुठं! तो पाठ वाकवून पाळकसाहेबांपुढं उभा.

"आत्या मीच, साहेब. घाला धपाटे."

पाळकसाहेबांनी बाह्या सरसावल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी शांतवनचं सांगणं अगदी मनापासून पाळलं.